भ्यालेलं पोट

पोट बिघडलं म्हणून कोणी सेतूअण्णांकडं गेलं, तर ते काय खाल्लं असं विचारत नाहीत. "उद्यां काय आहे?" असं विचारतात.

उद्या काही नसेल, तर त्या माणसाला हाताला धरून दारापुढच्या ओट्यावर आणतात आणि रस्त्यापलीकडं बोट दाखवतात. "हे खाल्लेलं पोट. समोर किशनरावांकडं जा. गोळी देतील." आणि उद्या परीक्षा असेल, मुलाखत असेल, कोर्टात साक्ष असेल, मुलगी बघायला मंडळी येणार असतील, तर त्याला आत घेतात. "हे भ्यालेलं पोट. हे आमचं."

समोरचा किशनराव म्हणजे मी. तंजावरच्या पश्चिम राजवीथीत माझं औषधांचं दुकान आहे. भिंतीवर चौकटीत पदवी आहे. काचेच्या कपाटात एकट्या पोटासाठी एकोणीस प्रकारच्या गोळ्या आहेत. आणि समोर राहणारा एक निवृत्त टायपिस्ट गावातल्या पोटांची वाटणी करतो आणि त्याला नको असलेली पोटं माझ्याकडं पाठवतो. गिऱ्हाईक येऊन सांगतं, "सार, अण्णा म्हणाले माझं खाल्लेलं पोट आहे, तुमच्याकडं चालेल." चालेल! हा एक शब्द मला दिवसभर टोचायचा.

मला सेतूअण्णांचा हेवा वाटायचा हे आधीच सांगून टाकतो. सकाळी शटर वर करताना समोर त्यांच्या ओट्यावर दोन माणसं पोट धरून बसलेली दिसली की तो सुरू व्हायचा, आणि ती माणसं हसत बाहेर पडली की दुप्पट व्हायचा.

सेतुमाधवराव त्यांचं पूर्ण नाव. वय पंच्याहत्तरच्या पुढं. सडपातळ बांधा, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशाला पेन. निवृत्त होऊन सतरा वर्षं झाली तरी पेन खिशातून उतरलेलं नाही. पापनाशमच्या एका कचेरीत ते टायपिस्ट होते. रोज सकाळच्या गाडीनं जायचे आणि संध्याकाळच्या गाडीनं यायचे. टाइपरायटरच्या खडखडाटानं कान गेले असं ते सांगतात. त्यांच्या बरोबरीचे बाकीचे टायपिस्ट अजून चांगलं ऐकतात, पण ते असो. पत्नी रुक्मिणीवहिनी पंधरा वर्षांपूर्वी गेल्या. मूलबाळ नाही.

आमची दोन्ही घरं मराठी, म्हणजे तंजावरची मराठी. तिच्यात 'मला'च्या जागी 'मज' अजून टिकून आहे आणि स्वयंपाकघरातले निम्मे शब्द तमिळ आहेत. देवनागरी फारसं कोणी वाचत नाही. मी बारा वर्षं सोलापुरात औषध कंपनीची पिशवी घेऊन हिंडलो म्हणून मला येतं. अण्णांना येत नाही. त्यामुळं त्यांच्याबद्दल हे मी निर्धास्तपणे लिहू शकतो.

तर त्यांचा उपचार असा. चूर्णाला आमच्याकडं पोडी म्हणतात. ही पोडी ते बांधून देत नाहीत. कितीही विनवा, कितीही मोठा माणूस असो, पुडी मिळायची नाही. तिथंच बसायचं. आधी ओवा मंद आचेवर भाजायचा, तोही रोग्यानंच. अण्णा शेजारी पाटावर बसून विचारत राहतात, "तडतडतो का? मज ऐकूं येत नाही. तू कान दे आणि सांग." मग माणूस बिचारा कढईकडं कान लावून बसतो. मग खलबत्त्यात सुंठ, जिरं, वाळलेला कढीपत्ता, कडुलिंबाची वाळलेली फुलं, हिंग आणि सैंधव. कुटायचं रोग्यानंच. कुटता कुटता अण्णा विचारतात, कशाची भीती वाटते. आणि इथं खरी पंचाईत होते, कारण अण्णांना हळू बोललेलं कळत नाही. माणूस पुटपुटतो. अण्णा म्हणतात, "मोठ्यानं." माणूस थोडं मोठ्यानं म्हणतो. अण्णा कानामागं हात धरतात. शेवटी तो ओरडून सांगतो की साहेबांसमोर उभं राहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, आणि ते साऱ्या राजवीथीला ऐकू जातं.

एवढं झालं की ऊन ऊन मऊ भात, त्यावर ती पोडी आणि चमचाभर तूप. चार घास. पहिला घास अण्णा स्वतः घेतात, मग पान पुढं सरकवतात. चौथ्या घासाला माणूस ढेकर देतो. आणि मी समोर गल्ल्यावर बसून तो ढेकर ऐकतो.

या चार घासांसाठी कोण कोण यायचं ते मी बारा वर्षं बघत आलो. सेल्वम नावाचा एक मुलगा ड्रायव्हिंगच्या परीक्षेआधी आला. वाकड्या मिशांचा एक पोलीस कोर्टात साक्षीला उभं राहायचं म्हणून आला, आणि खलबत्ता कुटता कुटता रडला. तिरुवैयारूहून वीणा शिकणारी एक मुलगी पहिल्या कार्यक्रमाआधी आली, सोबत आई, मावशी आणि वीणा. तपासणी तोंडावर आलेल्या एक मुख्याध्यापिका आल्या, डोक्यावरून पदर घेऊन, आणि तरीही त्यांना ओरडूनच सांगावं लागलं. माझ्याकडं ही सगळी माणसं यायची ती डोकेदुखी, खोकला आणि बाळाचं पावडर-दूध यांच्यासाठी. त्यांचं पोट मात्र समोर जायचं.

मी गप्प बसणारा माणूस नाही. एकदा सुलोचनाला, म्हणजे माझ्या बायकोला, अण्णांकडं पाठवलं, पोडीत काय किती घालतात ते गोडीगोडीनं काढून घे म्हणून. गोडी वापरायची वेळच आली नाही. अण्णांनी तिला पाटावर बसवून सगळं प्रमाण सांगितलं, लिहून घ्यायला स्वतःचं पेन दिलं, आणि कडुलिंबाची फुलं घरात नसतील तर घेऊन जा म्हणाले. लपवण्यासारखं त्यांच्याकडं काहीच नव्हतं. याचा मला जास्तच राग आला.

मी ती पोडी बनवली. वजनकाट्यावर तोलून बनवली, अण्णांसारखी चिमटीनं नाही. चकचकीत पाकिटं भरली, वर तमिळमध्ये छापून घेतलं. सेल्वमला त्याच्या दुसऱ्या परीक्षेआधी एक पाकीट दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो समोरच्या ओट्यावर बसलेला. मी हाक मारून विचारलं तर म्हणाला, "सार, चव तीच आहे. पण पोट विचारतं, अण्णा कुठं आहेत?" उरलेली पाकिटं मी घरी आणली. सुलोचना अजून ती रसमात घालते.

हे सगळं मी सोसलं असतं. पण मग चारूचा प्रसंग आला.

चारू माझी एकुलती एक मुलगी. बँकेतल्या अधिकाऱ्याच्या जागेसाठी दोनदा मुलाखतीपर्यंत पोचून परत आलेली. तिसऱ्यांदा चेन्नईहून बोलावणं आलं आणि तिचं पोट बिघडलं. मी बाप, आणि बाप औषधवाला. मी तीन प्रकारच्या गोळ्या काढल्या, प्रत्येक पट्टीवर वेळ लिहिली, पाण्याची बाटली जोडली आणि सगळं एका पिशवीत घालून तिला दिलं. "हो, अप्पा," म्हणाली. पिशवी खांद्याला लावली आणि सरळ रस्ता ओलांडून अण्णांकडं गेली.

मी गल्ल्यावरून बघत होतो. एका आजीबाईंना रक्तदाबाच्या गोळ्या देत होतो. थोड्या वेळानं खलबत्त्याचा आवाज यायला लागला, आणि मग चारूचा. ती आमच्या मराठीत बोलत होती. रस्त्यावर चाळीस माणसं असतील, पण ते वाक्य कळलं ते एकट्या मला.

"मज नापास व्हायची भीती नाही, अण्णा. अप्पांचं तोंड बघायची भीती वाटते."

माझ्या हातातली पट्टी हातातच राहिली. आजीबाईंनी ती हळूच काढून घेतली. मला वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण नंतर. आधी वाटला तो हेवाच. चोवीस वर्षं जिला वाढवली तिनं ही गोष्ट मला सांगितली नव्हती, आणि समोरच्या बहिऱ्या माणसाला ओरडून सांगितली.

चारू पास झाली. निकाल कळला तेव्हा ती चेन्नईतच होती. तिथूनच तिला प्रशिक्षणाला थांबवून घेतलं. सुलोचनानं दोन दिवस खपून बदामाच्या वड्या केल्या, नात्यातल्या घरी वाटल्या आणि एक मोठा डबा वेगळा भरून माझ्या हातात दिला. हा अण्णांचा, म्हणाली, तुम्ही स्वतः जाऊन द्या.

मी तो डबा दुकानात नेऊन गल्ल्याखाली ठेवला. संध्याकाळी देऊ म्हटलं. मग मनात आलं, ही बातमी ऐकली की अण्णा म्हणणार, पोडी लागू पडली. सारी वीथी म्हणणार, पोडी लागू पडली. दोन वर्षं पुस्तकं मी आणली, पहाटे उठून कॉफी मी केली, बसस्टँडवर सोडायला मी गेलो, आणि नाव चार घास भाताचं होणार. उद्या देऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी चव बघायला एक वडी खाल्ली. चौथ्या दिवशी डबा रिकामा होता.

सुलोचनानं विचारलं तेव्हा दिला म्हणून सांगितलं. चारूनं फोनवर विचारलं, अण्णा काय म्हणाले? मी म्हटलं, फार आनंदले. एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी पुढं म्हटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढचे तीन आठवडे मी अण्णांकडं बघायचं टाळलं. गंमत म्हणजे तेही माझ्या दुकानाकडं फिरकले नाहीत. एरवी वर्तमानपत्र वाचायला यायचे, तेही बंद झालं. मला वाटलं, बातमी कुठून तरी कळली असणार आणि म्हातारा तोऱ्यात आहे.

मग चारूचा फोन आला. तिला दूर भोपाळला नेमलं होतं. दोन दिवसांसाठी घरी येते, म्हणाली, आणि आल्या आल्या आधी अण्णांच्या पाया पडायला जाते.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी पोटात मुरडा, घशाशी आंबट. मी कपाटातल्या एकोणीस गोळ्यांपैकी पाच घेतल्या. मग पातळ औषध घेतलं, गुलाबी. मग हिरवं. सुलोचना म्हणाली, अण्णांकडं जा. मी म्हटलं, माझं खाल्लेलं पोट आहे. ती म्हणाली, कालपासून तुम्ही काही खाल्लेलं नाही.

दुपारी दोनला दुकान बंद करायची वेळ होते. मी शटर खाली ओढलं, रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं, ओळखीचं कोणी नाही अशी खात्री केली आणि समोर गेलो.

अण्णांनी मला बघून काही आश्चर्य दाखवलं नाही. पाट दिला. शेगडी पेटवली. "उद्यां काय आहे, किशनराव?"

"उद्या चारू येणार आहे," मी म्हटलं.

त्यांनी कानामागं हात धरला. मी पुन्हा सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम जपून वागणाऱ्या माणसासारखा झाला. त्यांनी माझ्याकडं न बघता ओव्याची कढई पुढं सरकवली आणि म्हणाले, तडतडला की सांगा. मी कान दिला. ओवा भाजून झाला, मी खलबत्ता हातात घेतला, आणि पहिल्या चार घावांतच मला कळून चुकलं की हे मोठ्यानं सांगावं लागणार आहे.

मग मी ओरडून सांगितलं. चारू पास झाली हे सांगितलं. त्याला महिना होत आला हेही. सुलोचनानं तुमच्यासाठी डबा दिला होता आणि त्यातल्या वड्या मी खाल्ल्या, एकट्यानं. तुमच्या डोळ्यांत पाणी आलं असं मुलीला खोटं सांगितलं. मुलगी आता भोपाळला जाणार आणि मी घरात काय करू हे मला कळत नाही, हेही सांगितलं, जे सांगायचं मी ठरवलं नव्हतं. बाहेर एक सायकलवाला थांबून आत बघून गेला.

अण्णांनी कानामागचा हात खाली घेतला.

"पास झाली," ते म्हणाले. त्यांनी विचारलं नाही, स्वतःलाच सांगून बघितलं. "मी समजलों, यंदांही नाही झालं. म्हणून तुमच्या दुकानीं आलों नाही. मज बघून तुमास वाईट वाटेल म्हणून."

ते उठले. देवघराशेजारच्या भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर होतं, आमच्याकडं घरोघरी असतं तसं. त्याच्या खाली खिळ्याला एक वाकवलेली तार टांगलेली, आणि तिच्यात फाडलेल्या पानांचा चार बोटं जाड गठ्ठा ओवलेला. त्यांनी वरची काही पानं बाजूला केली, एक पान काढलं आणि माझ्यासमोर धरलं. चारू गेली त्या दिवसाचं पान. तारखेखाली तमिळ अक्षरांत तिचं नाव आणि पुढं 'बँक' एवढंच.

मी विचारलं, हा सगळा गठ्ठा कसला आहे.

"येऊन गेलेत ते," अण्णा म्हणाले. "ज्याचं काय झालं ते कळलं, त्याचं पान काढतों. बाकीचे राहतात."

ते पाटावर येऊन बसले आणि भात कालवता कालवता मला सांगत गेले. पापनाशमच्या कचेरीत त्यांचे साहेब फार कडक होते. रोज सकाळी गाडीच्या वेळेला अण्णांचं पोट बिघडायचं. वहिनी ही पोडी करून चार घास भरवायच्या आणि मगच गाडीला सोडायच्या. पण संध्याकाळी ते परतले की त्या दारात उभ्या असायच्या, आणि आधी विचारायच्या, आज काय झालं? साहेब काय बोलला, ते काय बोलले, सगळं त्यांना सांगायचं. तेव्हाच पोट खरं मोकळं व्हायचं.

"औषध दोन भागांचं आहे, किशनराव," ते म्हणाले. "सकाळचा भाग मज देतां येतो. संध्याकाळचा भाग तो माणूस परत आला तर. पोट बरं झालेला माणूस परत कां येईल?" त्यांनी पहिला घास घेतला आणि पान माझ्याकडं सरकवलं. मग अगदी सहज म्हणाले, "मज तुमचा हेवा वाटतो. तुमच्याकडं माणसं परत येतात."

मी खाली बघून चारही घास संपवले.

जेवण झाल्यावर मी हात धुतले आणि तो गठ्ठा खाली काढायला सांगितला. दुकानदाराला गावाची सगळी खबर असते. गोळ्या बांधून देईपर्यंत माणसं आपली अर्धी कहाणी सांगून टाकतात. अण्णा एकेक पान वाचायला लागले आणि मी उत्तरं द्यायला लागलो.

सेल्वम, ड्रायव्हिंग. दुसऱ्या खेपेला पास झाला, मी सांगितलं, आता ओरत्तनाडूची मिनीबस चालवतो, परवाच आईसाठी गुडघ्याचं मलम नेलं. अण्णांनी पान काढून मांडीवर ठेवलं. पोलीस, साक्ष. त्याला एकच प्रश्न विचारला आणि खाली बसवलं, दोन महिने भ्याला तो फुकट. अण्णा हसले. तिरुवैयारूची वीणेची मुलगी. तिची कार्यक्रमात तार तुटली, मी म्हटलं. अण्णांचा हात आपोआप स्वतःच्या पोटावर गेला. मी घाईघाईनं सांगितलं की तिनं दुसरी तार लावली आणि पुढं वाजवलं, आता स्वतः दहा मुलींना शिकवते. मग हात खाली आला. मुख्याध्यापिकांचं मला ठाऊक नव्हतं. ते पान त्यांनी परत तारेत ओवलं. मी म्हटलं, त्यांची सून माझ्याकडं येते, विचारून सांगतो.

असं करत करत आम्ही गठ्ठ्याच्या तळाशी आलो. शेवटची पानं पिवळी पडलेली, कडा ठिसूळ झालेल्या. सगळ्यांत खालचं पान अण्णांनी वाचलं नाही. नुसतं माझ्या हातात दिलं.

तमिळ अक्षरांत लिहिलं होतं, किशनराव. पुढं, दुकान.

बारा वर्षांपूर्वीचं पान होतं. सोलापूरची नोकरी सोडून, होतं नव्हतं ते घालून मी दुकान मांडलं, त्या दिवसाचं. भटजी येऊन बसले होते, दाराला केळीचे खुंट बांधले होते आणि मी मागच्या न्हाणीघरात ओकत होतो. समोरच्या घरातून कोणीतरी येऊन मला हाताला धरून नेलं होतं. याच खोलीत बसून मी ओवा भाजला होता, आणि हे चाललं नाही तर बायको-मुलीला घेऊन कुठं जाऊ असं ओरडून विचारलं होतं. हे सगळं मी विसरलो होतो. खरं म्हणजे, विसरायचं ठरवलं होतं.

"पण अण्णा, दुकान तर तुमच्या दारासमोर आहे," मी म्हटलं. "रोज दिसतं."

"दिसतं. उघडतं तें दिसतं, मिटतं तें दिसतं." ते पेनाचं टोपण उगीच काढत-लावत होते. "चाललं कीं नाही, तें मज कोणी सांगितलं नाही."

मी पाट त्यांच्या जवळ ओढला. चाललं, अण्णा, असं सांगितलं. त्यांनी मान डोलावली, पण पान मागायला हात पुढं केला नाही. त्यांना एवढ्यानं भागणार नव्हतं. मग मी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. पहिलं गिऱ्हाईक कोण आलं, त्याला कुठली गोळी दिली, पहिला पावसाळा कसा गेला, फळ्या कधी वाढवल्या. मधे मधे ते थांबवून विचारायचे, मग काय झालं?

चार वाजून गेले. दारातून समोर दिसत होतं, माझ्या बंद शटरपुढं पायरीवर दोन गिऱ्हाइकं येऊन बसली होती. मी त्यांना हातानंच थांबा म्हणून खुणावलं आणि पुढं सांगत राहिलो.